साउंडवाले काका, तुमचे आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

२४ जूनला आम्ही ब्रिटिश रॉक गिटारिस्ट जेफ बेक यांच्या मैफलीचा व्हिडिओ दाखवला, त्या कार्यक्रमाला आलेली मंडळी अजूनही भेटली की पहिला प्रश्न विचारतात, ‘साउंड कुणाचा होता?’ प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितोय. नाव छापू नकोस असं तुम्ही बजावलंय, तेव्हा नाव लिहीत नाही. पण गणेशोत्सवापासून भजनी सप्ताहापर्यंत पुण्यात ज्यांचे ज्यांचे कार्यक्रम तुम्ही सांभाळलेत, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल.

आपल्याकडे आभारप्रदर्शनात ‘ध्वनिव्यवस्था’ अगदी शेवटी येते, तोवर निम्मं सभागृह उठलेलं असतं. म्हणून या वेळी सुरुवात तुमच्यापासूनच.

आम्ही तुमच्या गोडाऊनवर आलो होतो ते नुसते दोन स्पीकर भाड्याने मागायला. जेफ बेक २०२३ च्या जानेवारीत गेले. २४ जून हा त्यांचा वाढदिवस. त्या दिवशी त्यांच्या लंडनमधल्या मैफलीचा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर, सगळ्यांनी मिळून बघायचा, एवढाच बेत होता. सोसायटीचा हॉल मिळाला होता, प्रोजेक्टर जमला होता. ‘रॉक गिटार’ म्हटलं की कुणीही आधी विचारतो, सब, म्हणजे खालच्या जाड सुरांचे मोठे स्पीकर, किती लावायचे? तुम्ही म्हणालात, ‘डिस्क आहे ना? ठेवून जा. ऐकल्याशिवाय काही सांगत नाही.’

मग तुमचा फोन आला. ‘अरे, हा माणूस हळू वाजवतोय. सब एकच आणतो. जास्त लावले तर याचं बारीक काम सगळं बुडेल.’

काका, जेफ बेकचे चाहते वर्षानुवर्षं एकमेकांना हेच पटवून देत आलेत. जोरात वाजवणारे गिटारिस्ट पुष्कळ झाले. इतक्या हलक्या हाताने वाजवून अंगावर काटा आणणारा हा एकच. आणि तुम्ही, ज्यांनी त्या फोनआधी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, ते एका बैठकीत नुसत्या कानाने ओळखलंत.

ज्यांनी हा व्हिडिओ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रॉनी स्कॉट्स हा लंडनच्या सोहो भागातला जॅझ क्लब. १९५९ पासून चालू, १९६५ पासून फ्रिथ स्ट्रीटवर. साधारण अडीचशे माणसं मावतील एवढीच जागा, आणि स्टेजच्या पुढ्यातच टेबलं. जगभरातली मोठमोठी मैदानं पाहिलेले बेक २००७ च्या नोव्हेंबरअखेरीस तिथे आठवडाभर वाजवत होते. त्याचं हे चित्रीकरण, २००९ मध्ये डीव्हीडीवर आलं. मैफलीच्या वेळी ते ६३ वर्षांचे होते. सोबत तीनच माणसं. ड्रम्सवर विनी कोलायुटा, कीबोर्डवर जेसन रिबेलो आणि बेसवर टाल विल्केनफेल्ड, ऑस्ट्रेलियाची, तेव्हा अवघी २० वर्षांची.

बेक गात नाहीत, फारसं बोलतही नाहीत. तार छेडायची चकती, म्हणजे पिक, त्यांनी १९८० च्या दशकातच सोडलं. उजव्या हाताचा अंगठा तार छेडतो, त्याच हाताची करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर असते आणि व्हॅमी बार, म्हणजे सूर खाली-वर करणारी दांडी, तीही त्याच हाताच्या ताब्यात. तार छेडताना नॉब बंद असतो, छेडली की करंगळी तो हळूच उघडते. त्यामुळे तारेवरचा ‘टण्’ ऐकूच येत नाही, नुसता सूर उमलत येतो. मग बारच्या जरा दाबण्या-उचलण्याने तो सूर खाली-वर सरकतो, थरथरतो, हवा तिथे येऊन थांबतो. कॅमेरा इतका जवळ आहे की हे सगळं दिसतं. गिटार शिकणारी पोरं हा व्हिडिओ थांबवून थांबवून, पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहतात ती याच साठी. मीही तसाच पाहत आलो. पण लॅपटॉपवर हे नुसतं दिसतं. नॉब उघडतानाची ती सुराची पहिली चाहूल छोट्या स्पीकरमध्ये उमटतच नाही. ती मी पहिल्यांदा ऐकली तुमच्या साउंडवर.

ती ऐकू यावी म्हणून तुम्ही काय काय केलंत ते आलेल्या लोकांनी पाहिलं नाही, म्हणून इथे लिहितो. हॉलला फरशी टाइल्सची, भिंती उघड्या. टाळी वाजवली की घुमायची. टेंपोतून स्पीकरच्या आधी तुम्ही मंडपाचे पडदे आणि सतरंज्या उतरवल्यात. मागच्या भिंतीला पडदे चुण्या पाडून बांधायला लावलेत, ‘ताणून लावलास तर उपयोग शून्य’ असं त्या पोराला दोनदा सांगितलंत. पंखे एकेक चालू करून ऐकलेत आणि खिडकीजवळचा कुरकुरतो म्हणून तो बंदच ठेवलात. प्रोजेक्टर आणि साउंडचा मिक्सर वेगवेगळ्या पॉइंटवर होते, बारीक हम, म्हणजे विजेची गुणगुण, येत होता. दोन्ही एकाच बोर्डावर घेतलेत आणि हम गेला. आम्हाला तो हम ऐकूही येत नव्हता, गेल्यावर कळलं की होता. मग व्हिडिओतल्या शेवटच्या, ‘व्हेअर वर यू’ या रचनेची सुरुवात लावून, कधी मधल्या रांगेत, कधी कोपऱ्यात, कधी अगदी दारापाशी खुर्ची टाकून तुम्ही तोच तुकडा ऐकत राहिलात. मिक्सरपाशी बसून जे बरं वाटतं ते दारापाशी बसलेल्याला वाटेलच असं नाही, हे तुमचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

संध्याकाळी माणसं आली ती आमच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. नाशिकहून, साताऱ्याहून, मुंबईहून. सत्तरीतले एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे १९७५ सालची, बेकच्या ‘ब्लो बाय ब्लो’ या अल्बमची एलपी होती, ती त्यांनी छातीशी धरून आणली होती. कॉलेजातली पोरं पाठीला गिटार लावून आली होती, वाजवायचं काहीच नसताना. ‘बेक्स बोलेरो’ सुरू झालं आणि पुढच्या रांगेतून मागणी आली, ‘काका, आवाज वाढवा!’ दुसऱ्या गाण्याला पुन्हा तेच. तुम्ही नुसता हात वर करून थांबा म्हणालात आणि फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, जिथे होता तिथेच ठेवलात. तुमच्या जागी दुसरा कुणीही वाढवून मोकळा झाला असता. त्याचं मोल पुढे कळलं.

स्टीव्ही वंडरने रचलेलं ‘कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स’ आलं. त्यात टाल विल्केनफेल्डचा बेसवरचा एकल तुकडा आहे. ही मुलगी डोळे मिटून वाजवते आणि शेजारी उभे असलेले बेक तिच्याकडे असे बघतात की त्यांना स्वतः वाजवण्यापेक्षा तिचं ऐकण्यात जास्त सुख मिळतंय. बेस गिटार म्हणजे छातीत नुसतं धडधडणं, हीच आपली सवय. तुमच्या त्या एका सबवर तिचं प्रत्येक बोट वेगळं ऐकू आलं. आमच्यात एक मुलगी बेस वाजवते. तुकडा संपला तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘वन्स मोअर!’ अख्ख्या हॉलने तिला साथ दिली. बालगंधर्वांना वन्स मोअर देणारं हे गाव, पण पडद्यावरच्या माणसांना दिलेला वन्स मोअर मी पहिल्यांदा पाहिला. तुम्ही प्लेअर मागे नेलात आणि तो तुकडा पुन्हा लावलात. लोकांनी पुन्हा तितक्याच टाळ्या दिल्या.

गिटारिस्ट एरिक क्लॅप्टन पाहुणे म्हणून स्टेजवर आले तेव्हाचा जल्लोष तुम्हाला जरा अनपेक्षित वाटला असावा. १९६५ मध्ये क्लॅप्टननी यार्डबर्ड्स हा बँड सोडला आणि त्यांच्या जागी आले जेफ बेक. चाळीसहून जास्त वर्षांनी तेच दोघं एवढ्याशा स्टेजवर शेजारी उभे राहून अमेरिकन गायक मडी वॉटर्सचे ब्लूज वाजवतात. चाहत्यांना त्यात अख्खा इतिहास दिसतो.

पण काका, मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते ‘नादिया’बद्दल.

ही मूळ रचना ब्रिटनमधले संगीतकार नितीन साहनी यांची, १९९९ च्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममधली. मुळात ते गाणं आहे, आणि ते गायलंय स्वाती नाटेकर यांनी. बेकना त्या गायकीची इतकी भूल पडली की ती त्यांनी गिटारवर उतरवली, २००१ मध्ये स्वतःच्या अल्बमवर घेतली आणि रॉनी स्कॉट्सच्या या मैफलीतही वाजवली. एका मराठी नावाच्या गायिकेचा आवाज, त्यातल्या हरकती, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि ते सगळं सरेमधल्या वॉलिंग्टन गावी जन्मलेल्या गिटारवाल्याच्या हातून. कुठला सूर बोटाने ओढलाय, कुठला कशाने वळवलाय, हे डोळ्यांनी बघत असूनही कळत नाही.

आम्ही रॉकवाले ‘नादिया’ ऐकताना नेहमी तंत्राबद्दलच बोलतो. तुम्ही मिक्सरच्या मागून पहिल्यांदाच तोंडातून ‘आहा’ काढलंत आणि शेजारच्या पोराला म्हणालात, ‘मींड बघ. तुटत नाही कुठे.’ तो पोरगा इलेक्ट्रिक गिटार शिकतो. मींड काय असते ते त्याने तुम्हाला तिथेच विचारलं आणि मध्यंतरात तुम्ही त्याला गुणगुणून दाखवलीत, एकदा सलग आणि एकदा मुद्दाम पायऱ्या पाडून. तो आता घरी शास्त्रीय गाणं ऐकतो आणि ते गिटारवर काढायला बघतो. त्याच्या आईने मला फोन करून सांगितलं.

आणि मग ‘अ डे इन द लाइफ’. बीटल्सच्या मूळ गाण्यात दोन ठिकाणी अख्खा ऑर्केस्ट्रा तळापासून चढत चढत टोकाला जातो. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीच १९९८ मधल्या आपल्या अल्बमसाठी हे बेककडून वाजवून घेतलं होतं. रॉनी स्कॉट्समधल्या या वादनाला पुढे २०१० चं ग्रॅमी मिळालं. सुरुवात अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हटल्यासारखी. आणि मग ती चढण. आवाज वाढत गेला, वाढतच गेला, आणि तरी फाटला नाही, कानाला बोचला नाही, कारण तुम्ही पहिल्या गाण्यापासून त्या क्षणासाठी वर जागा राखून ठेवली होती. तुमचा हात फेडरच्या वर तरंगत होता. तुम्ही त्याला बोटसुद्धा लावलं नाहीत. नंतर विचारलं तर म्हणालात, ‘तो वाजवणारा सांभाळतोय ना, मग मी कशाला मध्ये येऊ?’ आवाज वाढवा म्हणून ओरडणारे तेच पुढच्या रांगेतले गृहस्थ शेवटी तुमच्यापाशी येऊन हात हातात घेऊन गेले, ते तुम्हाला आठवत असेल.

आमच्यापैकी एकानेही जेफ बेकना प्रत्यक्ष ऐकलेलं नाही, आणि आता ऐकणं शक्यही नाही. आमच्याकडे आहे ती ही डिस्क. तिच्यात किती आहे ते ऐकवणारा माणूस असला तरच ऐकू येतं. तुम्ही होतात म्हणून आम्हाला त्यांचा हळू आवाज मिळाला. यासाठी मी आणि त्या दिवशी आलेला प्रत्येक जण तुमचा ऋणी आहे.

तुम्ही फक्त टेंपोचं भाडं आणि पोरांची मजुरी घेतलीत, स्वतःचे घेतले नाहीत. यापुढे तसं चालणार नाही, हे सगळ्यांच्या वतीने सांगतोय. पुढचा बेत ठरतोय. पिंक फ्लॉइड या बँडचे गिटारिस्ट डेव्हिड गिल्मोर यांनी २०१६ च्या जुलैमध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या प्राचीन रोमन रंगमंडलात वाजवलं, त्याचा व्हिडिओ. पिंक फ्लॉइडने १९७१ मध्ये याच ठिकाणी एकही श्रोता न बसवता चित्रीकरण केलं होतं, तिथे पंचेचाळीस वर्षांनी हा माणूस भरल्या जागेत वाजवतो. हे सगळं मोकळ्यावरचं आहे, म्हणून आपला बंद हॉल त्याला चालेल का, की कुणाची गच्ची बघू, हे तुम्हीच सांगा. ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर करू.

आणखी एक विनंती. त्या दिवशी केबल गुंडाळायला थांबलेले ते दोघे आठवतात ना, एक ड्रम्सवाला आणि एक ती बेस वाजवणारी मुलगी? दोघांनाही तुमच्या हाताखाली मिक्सर शिकायचाय. गणपतीच्या धामधुमीत तुम्हाला उसंत नसते हे त्यांना सांगितलंय, पण ते म्हणतात तेव्हाच येऊ, सामान उचलायला हात लागतीलच. तुम्ही हो म्हणालात तर येत्या रविवारी सकाळी दोघांना गोडाऊनवर पाठवतो.

काकूंना नमस्कार सांगा. रात्री उशिरापर्यंत तुम्हाला अडकवून ठेवलं, तरी त्यांनी सगळ्यांना पुरेल एवढं थालीपीठ पाठवलं, त्याचेही आभार.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
जेफ बेकचा एक चाहता, आणि त्या संध्याकाळची सगळी श्रोतेमंडळी