आईची मूठ उघडणाऱ्या ताईंना

आईच्या हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या ताई, सप्रेम नमस्कार.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आईचा उजवा हात नुसता लोंबत होता. 3 आठवड्यांनी तो कोपरात वाकायला लागला आणि आम्ही पेढे आणले. हातात जीव आला असं वाटलं. पण पुढच्या 2 महिन्यांत मूठ अशी आवळली की अंगठा आत, त्यावर चारही बोटं. नखं तळहातात रुतायची. आतल्या ओलसर कातडीला वास यायला लागला होता. आई तो हात पदराखाली लपवायची. ही गोष्ट कुणाजवळ काढायची लाज वाटायची. तुमच्याजवळ पहिल्याच दिवशी बोलता आली.

भेटायला येणारे रबरी बॉल द्यायचे, "दाबत राहा, ताकद येईल" म्हणायचे. तुम्ही तो बॉल बाजूला ठेवलात. "मिटायला शिकवायची गरजच नाही, तेच जास्त होतंय. उघडायला शिकवायचंय."

मग तुम्ही समजावून सांगितलंत. स्नायूंना आवर घालणारा मेंदूचा निरोप मज्जारज्जूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून स्नायू झटकन ताणला की तो उलटा ओढ घेतो. सावकाश ताणला तर सैल पडतो. आम्ही रोज दोघं मिळून जोर लावून हात ओढत होतो. आई कळवळायची आणि आम्ही तिलाच "जरा सोस" म्हणत होतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी तुम्ही नखं कापलीत. मनगट सरळ करायला न जाता ते आधी आणखी आत वाकवलंत, तशी बोटं आपोआप ढिली झाली. अंगठा टोकाला न ओढता बुडाशी धरलात. पाची नखं कापून झाली, तळहात कोमट पाण्याने धुऊन कोरडा केलात. आई त्या तळहाताकडे कितीतरी वेळ बघत बसली होती.

डॉक्टरांनी स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता हात सुटला. तुम्ही स्पष्ट बोललात: असर साधारण 3 महिने, स्नायू सैल आहे तोवर व्यायाम करून घ्यायचा, नाहीतर उपयोग थोडाच. त्या 3 महिन्यांत आईने रोज टेबलावर पंजा पसरून त्यावर भार दिला. रात्री बोटं उघडी ठेवणारी पट्टी बांधून झोपली. आणि मधेच एकदा हात एकाएकी घट्ट झाला तेव्हा तुम्ही हाताकडे न बघता विचारलंत, "लघवीला जळजळ होते का?" होत होती. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला, औषध झालं आणि हात पुन्हा पहिल्यासारखा सैल झाला. शरीरात कुठेही दुखलं-खुपलं तरी हा ताठरपणा वाढतो, हे आम्हाला कोण सांगणार होतं?

बोटं अजून मनासारखी उघडत नाहीत. ब्लाउजची हुकं मीच लावते. भाकरी थापायला दोन्ही पंजे हवेत, ते कदाचित जमणारही नाही. पण गेल्या रविवारी आईने परात ओढून घेतली, उजवा पंजा काठावर टेकवून ती घट्ट धरली आणि डाव्या हाताने ज्वारीचं पीठ मळलं. मी थापल्या. पहिली भाकरी तिने तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवली.

तुमची,
त्या आजींची मुलगी