लाकोटांचं नातं नुसतं ध्यानाला बसण्यापुरतं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या अध्यात्मावरचा लेख वाचला. विषय घेतलात हे बरंच केलंत, कारण आपल्याकडे रेड इंडियन म्हटलं की अजून पिसांचा टोप आणि घोडा एवढंच डोळ्यासमोर येतं. पण लेख वाचून असं वाटतं की 'मिताकुये ओयासिन' ('माझे सगळे नातेवाईक') हे त्यांचं वचन म्हणजे डोळे मिटायचे, सगळं विश्व एकच आहे असं मनात आणायचं, स्ट्रेस जरा कमी झाला की चहा प्यायला उठायचं. हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

'माझे सगळे नातेवाईक' असं ते म्हणतात, इनिपी नावाच्या विधीत (इंग्रजीत 'स्वेट लॉज') तर आत शिरताना-बाहेर पडताना म्हणतात, तिथे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून अंधारात वाफेत बसतात आणि ते दगडसुद्धा त्यांना आजोबाच. आता नातेवाईक म्हटल्यावर नुसतं 'तू आपलाच' म्हणून भागत नाही हे आपल्याला कोणी सांगायला नको, कार्याला जावं लागतं, आजारपणात डबा न्यावा लागतो. लेखात नातं आहे, पण हा डबा कुठेच नाही!

मिसूरी नदीचंच बघा. अमेरिकन सरकारने ओआहे धरण बांधलं त्यात स्टँडिंग रॉक रिझर्व्हेशनची (रिझर्व्हेशन म्हणजे या लोकांसाठी राखून ठेवलेला प्रदेश) जवळपास ५६ हजार एकर आणि शायन रिव्हर रिझर्व्हेशनची एक लाख एकरांहून जास्त जमीन बुडाली, तीही नदीकाठची, म्हणजे कॉटनवूडची झाडं, रानफळं, औषधी वनस्पती, शिकार सगळं जिथे होतं तीच. मग २०१६ मध्ये त्याच धरणाच्या तलावाखालून तेलाची डकोटा अ‍ॅक्सेस पाइपलाइन न्यायची ठरली. आधी बिस्मार्क शहराच्या उत्तरेकडून न्यायचा एक पर्याय बघितला होता, तो बाजूला ठेवण्याच्या कारणांत त्या शहराचं पिण्याचं पाणी हेही एक होतं, यावर मी वेगळं काही बोलत नाही. 'म्नी विचोनी', पाणी हेच जीवन, म्हणत हजारो लोक तिथे तंबू ठोकून राहिले, नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या थंडीत रात्री अंगावर पोलिसांच्या पाण्याचे फवारे खाल्ले, तरी जून २०१७ पासून तेल सुरू झालंच. नदी आपली नातेवाईक आहे असं मानणारे लोक हे असं वागतात, आणि तुमच्या अख्ख्या लेखात स्टँडिंग रॉकचं नावही नाही.

ब्लॅक हिल्सचं तर त्याहून भारी. १८६८ च्या फोर्ट लारामी करारात हे डोंगर त्यांचे म्हणून लिहून दिले, सोनं सापडल्यावर १८७७ मध्ये काढून घेतले. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे बेकायदा ठरवून दहा कोटी डॉलर्सच्या वर भरपाई कायम केली, ती त्यांनी आजतागायत उचललेली नाही, व्याज धरून रक्कम आता शंभर कोटींच्या पुढे गेलीय. हे लोक अमेरिकेतल्या सगळ्यात गरीब भागांत राहतात बरं का. पैसे घेतले म्हणजे डोंगर विकले असं होईल, आणि तिथल्याच विंड केव्हमधून आपली माणसं पृथ्वीवर आली असं ते मानतात. (बायसनची गोष्ट लिहायला इथे जागा नाही, एवढंच सांगतो की २०२० पासून त्यांच्या रोझबड रिझर्व्हेशनवर २८ हजार एकरांत या रानगव्यांचे कळप परत आणायचं काम चालू आहे.)

अजून एक. लेखाच्या शेवटी 'पृथ्वी माणसाची नाही, माणूस पृथ्वीचा आहे' हे जे प्रसिद्ध वाक्य लाकोटा वचन म्हणून दिलंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर चीफ सिएटलच्या नावाने फिरतं. सिएटल लाकोटा नव्हता, तो पार पश्चिम किनाऱ्याकडचा, आणि ते शब्द त्याचेही नाहीत, १९७० च्या सुमारास टेड पेरी नावाच्या लेखकाने एका टीव्ही फिल्मसाठी लिहिलेत. एवढं तरी तपासायला हवं होतं. आणि सोबतच्या चौकटीत फी भरून 'स्वेट लॉज'चा अनुभव घ्या म्हणून सुचवलंय ते तर नकोच होतं. त्यांचा सन डान्स हा धार्मिक विधी १८८३ च्या सरकारी नियमांनी गुन्हा ठरवला होता, धर्म पाळायला कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९७८ मध्ये, आणि १९९३ मध्ये लाकोटा आणि त्यांच्याच नात्यातल्या डकोटा, नाकोटा लोकांच्या प्रतिनिधींनी आपले विधी विकणाऱ्यांविरुद्ध चक्क युद्ध जाहीर करणारा ठराव केला. इतकं स्पष्ट 'नको' सांगितल्यावरही आपण फी विचारायची?

आपले बरेच लोक मुलांकडे अमेरिकेत गेले की माउंट रशमोर, म्हणजे कड्यात कोरलेले अमेरिकन अध्यक्षांचे चेहरे, बघायला जातात, ते त्याच ब्लॅक हिल्समध्ये कोरलेत हे माहीत असू द्या. तिथून गाडीने थोडं पुढे बेअर ब्यूट हा त्यांचा पवित्र डोंगर आहे, तिथे झाडांना रंगीत कापडं बांधलेली दिसतील, ती प्रार्थनेची असतात, त्यांना हात लावू नका आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसांचे फोटो काढू नका.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे