आडव्या सरकेनेही समुद्रतळ खचतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इस्तंबूलजवळच्या भूकंपाच्या बातमीसोबत आपण छापलेल्या चित्रात एक भूपट्ट दुसऱ्याखाली बुडताना दाखवला आहे. तिथे तसे घडत नाही. मर्मरा समुद्राखालून जाणाऱ्या उत्तर अनातोलिया भ्रंशावर (भ्रंश म्हणजे खडकांतली लांबलचक भेग) दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात, वर्षाला साधारण २ ते २.५ सेंटीमीटर.

आडवी सरक म्हटली की तळ वर-खाली होणार नाही, असा समज होतो. शाळेत भूगोल शिकवताना मी दोन पाट शेजारी लावून त्यांवर ओल्या शाडूचा थर थापायचो आणि एक पाट हळूहळू ढकलायचो. मधोमध सरळ चीर पडेल, असे मुलांना वाटायचे. पडायच्या मात्र तिरप्या, एकीमागे एक अशा बारीक भेगा. बरेच ढकलल्यावर त्या एकमेकींना मिळायच्या. पाटांच्या कडांना सुताराकडून टप्पा काढून घेतला होता, म्हणजे सरळ कड मध्येच थोडी बाजूला सरकून पुढे जायची. सरकताना त्या टप्प्यापाशी फट पडून शाडू खाली बसायचा आणि पाट मागे आणला की तिथेच फुगवटा यायचा. तळावरचा गाळही असाच फाटतो, खचतो, चुरगळतो.

मर्मराच्या तळाशी असे तीन मोठे खळगे आहेत, प्रत्येक हजार मीटरहून खोल. एकीकडे ते खचत असतात, दुसरीकडे गाळ त्यांना भरत असतो. मोठा भूकंप झाला की उतारावरचा चिखल घसरून खळग्यात जातो आणि त्याचा वेगळा थर बसतो. तिथून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यांत शास्त्रज्ञ जुन्या भूकंपांच्या खुणा वाचतात. मला तर याहून विलक्षण दप्तर ठाऊक नाही!

याच भ्रंशावर १७ ऑगस्ट १९९९ रोजी झालेल्या भूकंपात १७ हजारांहून अधिक माणसे गेली. तेव्हा गोल्जुक गावी किनाऱ्याची पट्टी खचून पाण्याखाली गेली. भ्रंश आडवाच सरकला होता, पण तिथे त्याला टप्पा होता.

हे फार दूरचेही नाही. अंदमानचा समुद्र अशाच तिरक्या ओढीने उघडला आहे, आणि २८ मार्च २०२५ रोजी म्यानमार हादरवणारा सगाइंग भ्रंश उत्तरेकडून त्यालाच येऊन मिळतो.

तरी कृपया दुरुस्त चित्र छापावे, आणि त्यात भ्रंशाची रेघ सरळ न काढता टप्प्यासह काढावी.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, चिपळूण