ऋण सोडलं, पप्पा

प्रिय मम्मी-पप्पा,
प्रभूच्या नावात सलाम.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून लिहायलो. मंगळवारी मी जालन्याला आलतो आणि घरी न येताच पुण्याला परत गेलो, कोर्टात काकांवरची चेक बाउन्सची केस मागे घेतली. झालंय ते, सही पण केली. पप्पा, तुमचं तोंड बघितलं असतं तर माझ्याच्यानं झालं नसतं. रागवा, पण आधी सगळं वाचा. मम्मी तू पण, मधेच चष्मा काढून ठेवू नको.

काकांनी दिलेला चेक माझ्या नावचा होता पण त्यातले दीड लाख तुमच्या पीएफचे, हे मी विसरलेलो नाही. एक तारखेपासून दर महिन्याला 5,000 तुमच्या खात्यात टाकायलो. स्लॅबचं काम पण पावसाळ्याआधी करून देतो, पगारात बसतं, खरंच बसतं, तुमच्या सुनेला विचारूनच ठरवलं. गोळ्या, दूध, पेपर, कशाला काही कमी पडणार नाही.

काकांनी माफी मागितली नाही, माहितंय मला. लग्नात मम्मीला काय बोलले ते पण लक्षात आहे. ते चुकलेच, मी कुठं म्हणायलो बरोबर होते. पण वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकत बसलेल्या शिपायांनी तरी कुठं माफी मागितली होती, प्रभूने त्यांच्यासाठी बापाजवळ क्षमा मागितलीच ना. आणि दर रविवारी आपण उभं राहून म्हणतो, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. सोडले आहे म्हणतो, सोडू असं नाही. दोन वर्षं झाली, त्या ओळीला माझा आवाजच निघत नव्हता, सगळी मंडळी म्हणायची आणि मी गप्प उभा.

हे तुमच्याकडूनच आलंय पप्पा. 1999 च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूरला ऑस्ट्रेलियाचे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लेकरांना गाडीत झोपलेले असताना जाळलं, ती बातमी तुम्ही रात्रीच्या प्रार्थनेला वाचायला घेतली आणि मधेच थांबलात. फोटोतला धाकटा माझ्याच एवढा दिसत होता. त्या रात्री मी तुमच्या पांघरुणात शिरून झोपलो, तुमच्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास होता, अजून आठवतो. नंतर स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस बाईंनी जाळणाऱ्यांना माफ केलं, कोर्टाचं काम कोर्टानं केलं, आणि त्या बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करतच राहिल्या. तुम्ही म्हणालात, मला नाही जमणार, पण जमावं म्हणून प्रार्थना करतो. त्यांची लेकरं गेली होती पप्पा, आपले पैसे गेलेत.

मम्मी, तुला काकांशी बोलावं वाटलं नाही तर बोलू नको. हिशोब मी सोडला, तुझ्यावर जबरदस्ती नाही. तुला जे लागलं ते तुलाच माहीत.

बीपीची गोळी सकाळी चहाआधी, विसरलो म्हणायचं नाही. नळाला पाणी आलं की मोटर लावायची, मम्मीने बादल्या उचलायच्या नाहीत, मणक्याचं आत्ताच कुठं बरं झालंय. कूलरच्या जाळ्या बदलायला मी माणूस पाठवतो, पप्पा स्टुलावर चढू नका, हात जोडतो.

पुढच्या रविवारी येतोय, उपासनेला सोबतच जाऊ. काका मागच्या बाकावर दिसले की तुम्ही बाजूच्या दाराने निघता, ते मी बघितलंय. या वेळेस माझा हात धरून समोरच्या दाराने चला. सलाम मी करीन.

तुमचा,
बाळू