शुगर तपासता तसं मनाचंही विचारा, आणि त्यांनाच विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह दिनाची तुमची पुरवणी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. नाचणीचं काय काय करायचं, मेथ्या किती भिजवायच्या, पायांची काळजी कशी घ्यायची सगळं होतं, पण शुगर झालेल्या माणसाच्या मनाचं काय होतं यावर एक ओळ नव्हती, म्हणून लिहितेय.

माझे मिस्टर 48 वर्षांचे, एमआयडीसीत शिफ्टमधे काम करतात. सहा वर्षांपूर्वी शुगर निघाली, मग बीपीची गोळी लागली, मग ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढले. अंगाने बारीकच आहेत, फक्त पोट सुटलेलं, त्यामुळे घरात कोणाला कधी काळजी वाटलीच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगतायत. 2004 साली त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडच्या एका डॉक्टरांचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच 22.3, पण त्या डॉक्टरांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक सरांच्या 21.2. म्हणून पुरुषांनी वजनकाट्यावर न जाता कंबर मोजायची, 90 सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. माझ्या मिस्टरांची 98 भरली.

आता मुद्द्याचं. रविवारचं मटण आणायला हे कायम स्वतः जायचे, सकाळी सातला लाइनीत उभे, कुठला तुकडा घ्यायचा यात दुसऱ्या कोणाचं ऐकायचे नाहीत. एका रविवारी म्हणाले, तूच आण. मला वाटलं नाइट करून दमलेत. मग डबा अर्धा परत यायला लागला, पोरावर विनाकारण ओरडणं सुरू झालं, आणि चालायला जातो म्हणून पहाटे बूट घालायचे आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहायचे. अर्धा तास बूट घालून नुसते बसलेले. मी वरून बघायचे आणि आळशीपणा म्हणून चिडायचे, आता आठवलं की जीव तुटतो.

एका मोठ्या हॉस्पिटलमधे फुल बॉडी चेकअप केलं, जाडजूड फाइल मिळाली, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, 9.1. तिथे सांगितलं, तुम्हाला शिस्तच नाही, डाएट पाळा, रोज 45 मिनिटं चाला. अहो, ज्या माणसाला पायरीवरून उठवत नाही त्याला शिस्त कुठून यायची? त्या अख्ख्या फाइलीत झोप कशी लागते, मन कशात लागतं का, हे कोणीच विचारलेलं नव्हतं.

खरंतर हे दोन आजार एकमेकांचा हात धरूनच येतात. शुगरवाल्यांमधे डिप्रेशन इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट आढळतं, आणि उलटंही आहे, डिप्रेशन असणाऱ्याला पुढे शुगर होण्याची शक्यता वाढते. सतत ताण असला की कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वर राहतं, त्याने साखर वाढते, चरबी पोटाभोवती जमते, त्या चरबीमुळे अंगात आतून बारीक सूज राहते आणि त्याचा मेंदूवरही परिणाम होतो असं डॉक्टर सांगतात. शिवाय पुरुष सहसा रडून दाखवत नाहीत, ते चिडतात, गप्प होतात, नाहीतर बाटली जवळ करतात. 2022 मधे देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद झाली, त्यात 1,22,724 पुरुष होते.

माझी जाऊ आशा सेविका आहे. तिशीच्या वरच्या माणसांसाठी त्यांचा आजारांचा धोका तपासायचा जो सीबॅक फॉर्म असतो त्यात कंबर किती हे तर आहेच, शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्नही आहेत, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. म्हणजे सरकारने हे कधीच ओळखलंय. पण आशाताई येतात दुपारी, पुरुष कामावर, उत्तरं देतो आम्ही बायका. माझ्या जावेला दारात उभं राहून मीच सांगितलं होतं, यांचं काही नाही, ठीक आहेत.

मग एकदा आमचे फॅमिली डॉक्टर गावाला गेले होते, त्यांच्या जागी बसलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी यांना तेच दोन प्रश्न विचारले. हे बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोन आठवडे नाही हो मॅडम, दीड वर्ष झालं." मी शेजारच्या खुर्चीत होते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंनी बी-12 व्हिटॅमिन तपासायला लावलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, यांचं झालंच होतं. इंजेक्शनं दिली, मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं, गोळी सुरू झाली. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून शुगर आहे हे तिथे आधी सांगायचं, मनाने गोळी बंद करायची नाही. आठ महिन्यांनी एचबीएवनसी 7.4 आलं. वाईट दिवस अजूनही येतात, पण आता ते मला सांगतात.

2023 मधे आलेल्या आयसीएमआर या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पाहणीत देशात 10 कोटींच्या वर शुगरवाले निघाले. बऱ्याच कंपन्यांत कामगारांचं वर्षाला मेडिकल होतं, मंडळांची शुगर-बीपीची शिबिरं होतात, तिथे माणूस स्वतः समोर बसलेला असतो, बायको नसते. हे दोन प्रश्न तिथे त्यालाच विचारा, पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि पुढच्या पुरवणीत टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा फुकट नंबर मोठ्या अक्षरात छापा, नाचणीच्या रेसिपीच्या वर.

आपली,
एक वाचक, सातारा