सिस्नेरोस यांच्या वडिलांवर थोडा अन्याय झाला

महोदय,

रविवार पुरवणीतील सँड्रा सिस्नेरोस यांच्यावरचा लेख वाचला. एका मेक्सिकन-अमेरिकन लेखिकेला मराठी पुरवणीत इतकी जागा मिळते, हे मनापासून आवडलं. पण त्यांच्या वडिलांना ‘मुलीला मागे खेचणारे’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलं आहे, ते काही पटलं नाही.

अल्फ्रेडो सिस्नेरोस मूळचे मेक्सिकोचे. शिकागोत सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचं काम करत. मनातून मेक्सिको सिटी कधी गेलीच नाही, म्हणून सगळं बिऱ्हाड पुन्हा पुन्हा तिकडे हलायचं आणि परत यायचं. स्वतःचं घर झालं ते १९६६ साली. सहा मुलगे, एक मुलगी. तरी लोकांना सांगताना ‘मला सात मुलगे’. सँड्रा ते दर वेळी दुरुस्त करायची आणि मनातून चरफडायची. इथपर्यंत आपल्या लेखकाचं म्हणणं रास्तच आहे.

पुढची गंमत मात्र लेखात आलेली नाही. मुलीनं कॉलेजात जावं ते चांगला नवरा मिळावा म्हणून, अशी वडिलांची समजूत. त्यामुळे ती तिथे नेमकं काय शिकते याची त्यांना फिकीर नव्हती. पोटापाण्याचा प्रश्न मुलग्यांनी सोडवायचा. मुलीनं खुशाल इंग्रजी साहित्य घ्यावं! या दुर्लक्षानंच मला मोकळीक दिली, असं सिस्नेरोस यांनी स्वतः ‘ओन्ली डॉटर’ या लेखात मांडलं आहे. वडिलांना इंग्रजी वाचनात रस नव्हता, त्यामुळे मुलगी काय लिहिते ते वर्षानुवर्षं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. एका नाताळात तिनं आपल्या एका कथेचा स्पॅनिश अनुवाद त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी ती सावकाश वाचली, हवं तिथे हसले आणि नातेवाइकांना द्यायला आणखी प्रती कुठे मिळतील, असं विचारलं. अमेरिकेतली मानाची मॅकआर्थर फेलोशिप (१९९५) मिळाली त्याच्याही आधीची ही गोष्ट. वडिलांच्या त्या प्रश्नाइतकी मोठी दाद मला तरी सिस्नेरोस यांच्या चरित्रात दुसरी दिसत नाही.

‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) या त्यांच्या गाजलेल्या कादंबरीत पोरीला पट्ट्यानं मारणारा बाप आहे, बायकोला कोंडून ठेवणारा नवरा आहे. म्हणून तो बाप लेखिकेचाच, असं आपल्या लेखकानं गृहीत धरलेलं दिसतं. खरं तर शाळा अर्धवट सोडलेल्या मुलामुलींना सिस्नेरोस शिकागोत शिकवत होत्या. पुस्तकातलं बरंचसं दुःख त्या मुलींकडून आलं आहे.

अल्फ्रेडो १९९७ साली गेले. तीन वर्षांनी मुलीनं त्यांच्या नावानं संस्था काढून टेक्ससमधल्या लेखकांना अनुदानं द्यायला सुरुवात केली. खुर्च्या दुरुस्त करणाऱ्याच्या नावानं साहित्याचं अनुदान! आणि २००२ साली आली ‘कॅरामेलो’, जिच्या मध्यभागी सोफ्यांचं काम करणारा एक हळवा, आईवेडा बाप आहे. लेखात या कादंबरीचा उल्लेखही नसावा, याचं आश्चर्य वाटलं. ती जाडजूड आहे, तळटीपांनी गच्च भरलेली आहे, मध्ये थोडी रेंगाळतेही. तरी पुरवणीत पुढे कधी या लेखिकेवर लिहिणार असाल, तर ‘कॅरामेलो’पासून सुरुवात करावी, ही विनंती.

– एक वाचक, सांगली