पाहुणा मासा

फिशिंग ब्रिज, यलोस्टोन
21 जून

प्रिय बाळ्या,

ऑक्टोबरात तुझा फोन ठेवला तो ठेवलाच. आठ महिने झाले. दिवाळीला तुझा निरोप आला, संक्रांतीला आला, दोन्ही वाचले आणि उत्तर दिलं नाही. राग होता, खोटं कशाला बोलू. पण काल इथल्या सरोवरावर असं काही घडलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "हे बाळूभावोजींनाच कळेल, त्यांना लिहा." म्हणून लिहितोय.

तब्येती ठीक. माझी साखर ताब्यात आहे, हिचा डावा गुडघा गाडीची पायरी चढताना कुरकुरतो. झालं.

मिलवॉकीचं घर विकून आम्ही या चाकांवरच्या घरात राहायला लागलो त्याला आता तिसरं वर्ष. थंडीत ॲरिझोना, उन्हाळ्यात डोंगर. इथे फिशिंग ब्रिजच्या तळावर तंबू ठोकायला बंदी आहे, पक्क्या भिंतींच्या गाड्याच लागतात, कारण हा अस्वलांचा भाग. खरकटं भांडंसुद्धा बाहेर ठेवायचं नाही. तुझ्यासारखा खळ्यात बसून मासे साफ करणारा माणूस इथे एक रात्र निघणार नाही, अस्वलाच्या आधी रेंजरच उचलून नेईल.

तर शेजारच्या गाडीत मॉन्टानाचा एक निवृत्त सुतार आहे. स्वतःची होडी आहे. परवा म्हणाला, सकाळी येतोस का गरवायला? बाळ्या, मी इतक्या वर्षांनी गरी हातात धरणार होतो. पहाटे साडेपाचला ब्रिज बेच्या धक्क्यावर. जून संपत आला तरी अंगात दोन स्वेटर. सरोवर 2,357 मीटर उंचीवर, मेअखेरपर्यंत वर बर्फ असतो. पाणी इतकं गार की आत पडलेला माणूस अर्धा तास टिकणं कठीण. आपण कर्लीच्या खाडीत चड्डीवर उड्या मारायचो ते आठवलं आणि मी लाइफ जॅकेटचा पट्टा आणखी घट्ट केला.

इथले नियम ऐक. परवाना लागतो. गरीला उलटा काटा चालत नाही. गांडूळ नाही, खरा मासा आमिष म्हणून नाही, नुसता चमच्यासारखा चमकणारा पत्रा. आणि सगळ्यात मोठा नियम असा: कटथ्रोट लागला तर पाण्यात परत सोडायचा. लेक ट्राउट लागला तर मारायचाच. खायचा नसेल तरी मारायचा, पोटातला हवेचा फुगा फोडायचा आणि खोल पाण्यात बुडवायचा. जिवंत सोडला तर गुन्हा.

कारण विचारलंस तर, कटथ्रोट म्हणजे इथले चढणीचे मासे. बर्फ वितळला की सरोवरातून ओढ्यांत चढतात, अंडी घालतात. त्यांच्यावर अस्वलं जगतात, ऑस्प्रे नावाचे मासेखाऊ शिकारी पक्षी जगतात, पाणमांजरं जगतात. लेक ट्राउट हा बाहेरचा. कुणीतरी चोरून आणून सोडला, कुणी ते आजवर कळलेलं नाही, 1994 साली पहिल्यांदा गरीला लागला तेव्हा समजलं. तो खोल पाण्यात राहतो, अंडीही सरोवरातच घालतो, ओढ्यात चढतच नाही. म्हणजे अस्वलाच्या तोंडी लागायचा नाही, आणि कटथ्रोट मात्र खाऊन संपवायचा. क्लिअर क्रीक नावाच्या एका ओढ्यात 1978 साली 70,000 च्या वर मासे चढले होते. 2007 साली मोजले तर 538. 1990 च्या दशकापासूनच जाळी लावून लाखांनी लेक ट्राउट काढतात, आजवर चाळीस लाखांच्या वर काढले. आता कटथ्रोट पुन्हा दिसायला लागलेत. सुतार हे सगळं आपल्याच घरचं सांगावं तसं सांगत होता. त्याच्या आजोबांनी त्याला त्या ओढ्यांवर नेलं होतं.

आधी मला एक कटथ्रोट लागला. हातभरसुद्धा नाही, सोनेरी, आणि जबड्याखाली लाल रेघ, कुणी कुंकवाचं बोट ओढावं तशी. पाण्यातच ठेवून गरी सोडवली. गेला. तेव्हा तुझी आठवण आली ती पहिली.

मग तासाभराने तंगूस असा ताणला की काठी वाकून पाण्याला टेकली. वीस मिनिटं लागली वर आणायला. तो मोठा उडत नाही, झुंजत नाही, फक्त खाली ओढतो, एकसारखा, विहिरीत पडलेली कळशी ओढावी तसा. वर आला तर 29 इंच. करडा-हिरवा, अंगभर फिकट ठिपके, शेपटी मधोमध खोल चिरलेली. किती वर्षांचा असेल कोण जाणे, हे मासे पंचवीस-तीस वर्षंही जगतात. सुताराने लाकडी दांडका माझ्या हातात दिला. म्हणाला, तुझा मासा आहे.

मी मारला. एका फटक्यात नाही झालं, दोन लागले.

पोट फाडलं तर आत एक कटथ्रोट. अर्धा विरघळलेला, पण जबड्याखालची लाल रेघ तशीच. मला बरं वाटायला हवं होतं ना? पटलं होतं की मला सगळं. पण तोवर सुताराने पुढची गोष्ट सांगायला घेतली होती. याच डोंगरात दक्षिणेला लुइस लेक आहे. तिथे एकेकाळी मासाच नव्हता. 1890 साली सरकारी खात्याने तिथे लेक ट्राउट आणून सोडले. कुठून आणले? मिशिगन सरोवरातून! बाळ्या, माझ्या मिलवॉकीच्या सरोवरातून, ज्याच्या काठावर मी एक्केचाळीस वर्षं रोज संध्याकाळी चाललो. यलोस्टोनचे हे मासे बहुतेक त्या लुइस लेकवाल्यांचेच वंशज. आणि पुढे मिशिगनमध्ये काय झालं, तर समुद्रातून शिरलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तपिपासू माशाने आणि बेसुमार मासेमारीने तिथला लेक ट्राउट 1950 च्या दशकात संपूनच गेला. मग मूळ घरी वंश परत लावायचा म्हणून ज्यांची पिल्लं तिथे सोडली, त्यांत हे लुइस लेकवालेही होते.

मी दांडका हातात धरून बसलो होतो. कानात तुझं ऑक्टोबरातल्या फोनवरचं वाक्य. "अरे तू आता पावणो. पावण्यान घराची काळजी करूची नसता."

तू वाईट बुद्धीने म्हणाला नाहीस, हे मला त्याच रात्री कळलं होतं. चुलतभाऊ रोज तुझ्या दारात येत असणार, रिसॉर्टवाल्याचे पैसे, सातबाऱ्यावरचं माझं नाव, सगळं तुझ्याच डोक्यावर. हक्कसोडपत्र चुलतभावाने पाठवलंय. शिकागोच्या वकिलातीत जाऊन सहीशिक्का करून आणायचा, एवढंच काम. मिलवॉकीहून दीड तासाचा रस्ता होता तेव्हा गेलो नाही, आता दोन हजार किलोमीटरवर बसून म्हणतोय जमत नाही. लेक म्हणते, बाबा सही करा, तुम्ही तिथे राहणार आहात का? ही काही बोलत नाही, आणि ते मला जास्त लागतं. चाकांवरचं घर किती वर्षं चालणार? माझे हात स्टिअरिंगवर आहेत तोवर. मग लेकीच्या गावात दोन खोल्या. मिलवॉकीत मी कोण होतो? आणि तारकर्लीला आता मी कोण? खाडीकडच्या बांधावर नवीन पोरं विचारतात, काका, कुठून आलात फिरायला.

तुला कुडाळचा व्हाळ आठवतो? पहिला पाऊस, कंदील, आणि मी धरलेला तो खवळा. पोटात गाभोळी होती म्हणून तू माझ्या हातून हिसकून सोडलास. मी दोन महिने तुझ्याशी बोललो नाही. सगळ्या शाळेला सांगत फिरलो की बाळ्याने माझा मासा चोरला. आज पन्नास वर्षांनंतर लिहून देतो, तुझं बरोबर होतं. तो चढणीचा होता, त्याचं घर वर होतं. पण कालचा? त्याला कुठे चढायचंच नव्हतं. त्याला तिथे कुणी आणलं हे त्याला माहीत नाही, तो जन्मला तिथे जगत होता. मारायलाच हवा होता, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्र पोटात राहत नाही. तू असतास तर काय केलं असतंस? मारलाच असतास, पण त्या वेळी गप्प बसला असतास. इथे सुतार पाठ थोपटत होता.

संध्याकाळी हिने तिखलं केलं. मांस केशरी, बांगड्यासारखं तेलकट. तू दोन वर्षांपूर्वी दिलेली तिरफळं, शेवटची सात उरली होती, सगळी घातली. सुतारालाही बोलावलं. घाम पुसत दोनदा भात मागितला त्याने. चव फार छान होती, बाळ्या. मीही पोटभर जेवलो.

तुझं मोतीबिंदूचं झालं का? दुसऱ्या डोळ्याला उशीर करू नकोस. नातीचा दहावीचा निकाल लागला असेल, किती मिळाले ते कळव, मी विचारलं नाही म्हणून ती रुसली असेल. वहिनींना नमस्कार. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणजे तू घरात बसून सगळ्यांना हैराण करत असशील.

कागद अजून ड्रॉवरमध्ये आहेत, नकाशांच्या खाली. सही केलेली नाही, फाडलेलेही नाहीत. चुलतभावाला सांग, नोव्हेंबरपर्यंत थांब. आम्ही दोघं येतोय. तुझ्याकडे उतरणार नाही, वहिनींना आधीच सांगून ठेव, घरातच उतरू. माजघरावरची कौलं पावसात सरकली असतील, बघून घे. विहिरीचा पंप चालतो का तेही एकदा लावून बघ. आणि या वर्षीची तिरफळं जरा जास्त वाळवून ठेव.

तुझा,
दादू